मीटरवाल्याचा फोटो

माझ्या वडिलांचं माझ्याविषयीचं मत असं आहे की मी विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस आहे.

हे मत त्यांनी एका दिवसात बनवलेलं नाही. आधी ते मला माझ्या चुलत्याच्या नावाने हाक मारायचे, मग नुसतं "अहो" म्हणायला लागले, आणि एके सकाळी मी त्यांच्या खोलीची खिडकी उघडायला गेलो तेव्हा पांघरुणातून मान बाहेर काढून म्हणाले, "मीटर जिन्याखाली आहे." मी म्हटलं, "बाबा, मी." ते म्हणाले, "हो हो, तुम्हीच. मागच्या वेळी जास्त आकडा लिहून गेलात ते तुम्हीच." झालं. त्या दिवसापासून मी माझ्याच घरात मीटरवाला. डॉक्टरांनी या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं, मेंदूच्या फोटोतले काळे पडलेले भाग पेनाच्या टोकाने दाखवले, आणि हे आता असंच वाढत जाणार, असं उद्याचं हवामान सांगावं तशा आवाजात सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

वाढत जाणार हे मी गिळलं. गिळावंच लागतं. माझी तक्रार होती ती क्रमाबद्दल. बाबांना माझी बायको ओळखू येत होती. तिला ते "सूनबाई" म्हणत आणि तिच्या हातून औषध मुकाट्याने घेत. वरच्या मजल्यावरचे पूलवाले काका ओळखू येत होते. हे काका आयुष्यभर सरकारी पूल बांधून निवृत्त झाले, आणि आता बांधायला पूल नाही म्हणून लोकांना सल्ले देतात. दूधवाला ओळखू येत होता, ज्याचं तोंड मी स्वतः कधी नीट पाहिलेलं नाही. गळालो तो मी. एकुलता एक. एकदा मी न राहवून विचारलं, "बाबा, सूनबाई ओळखू येते ना? मग ती बायको कुणाची?"

"माझ्या मुलाची."

"आणि मुलगा कुठाय?"

"कामावर गेलाय," बाबा म्हणाले. "तो असता तर तुम्हाला घरात एवढं आतपर्यंत येऊ दिलं नसतं."

आता मी काय काम करतो ते सांगायला हवं. मी विमा कंपनीत दावे तपासणीच्या खात्यात आहे. लोकांचा समज आहे की हे खातं दावे तपासतं. हे खातं दावे नाकारतं. आलेल्या प्रत्येक कागदाला "हे कशावरून?" असा प्रश्न विचारायचा, हे माझं काम. बायको म्हणते की लग्नाआधी मी तिलाही हाच प्रश्न विचारला होता, तिने "तुम्ही मला आवडता" असं म्हटल्यावर. असेलही. सांगायचा मुद्दा हा की पुराव्याचं महत्त्व मला कोणी शिकवायला नको. मी सरळ माझा जन्माचा दाखला काढला आणि बाबांपुढे ठेवला.

बाबांनी चष्मा लावला, दाखला लांब धरला, जवळ धरला. "नाव बरोबर आहे," ते म्हणाले. "तारीखही बरोबर आहे. पण हे तुम्हीच, हे कशावरून?"

माझा दावा पुराव्याअभावी फेटाळला गेला. ही दारामागे उभी राहून ऐकत होती. तोंडात पदर कोंबून ती स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून बराच वेळ भांड्यांचा उगाच आवाज येत राहिला.

पण जाता जाता बाबा एक वाक्य बोलले, आणि त्या वाक्याने माझं पुढचं सगळं वर्ष खाल्लं. दाखला परत देताना ते म्हणाले, "असं समोर बघून मला नाही कळत. सुलटा माणूस काय, वाटेल त्या थापा मारतो. माझा मुलगा काचेवर दाखवा. काचेवर मी त्याला लगेच ओळखीन."

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. तीन पायांच्या तिकाटण्यावरचा मोठा लाकडी कॅमेरा, मागे काळं फडकं, आणि फडक्याच्या आत दुधी काच. त्या काचेवर समोरचा माणूस उलटा दिसतो, खाली डोकं वर पाय. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला मला त्या कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसवलं जायचं आणि बाबा फडक्यात शिरायचे. म्हणजे हिशेब केला तर बाबांनी मला निरखून पाहिलं ते बहुतेक उलटंच. सुलट्या मुलाकडे बघायला त्यांना वेळ कुठे होता? गिऱ्हाइकं असायची.

कॅमेरा माळ्यावर होता. तो खाली काढायचा, झटकायचा, बाबांना फडक्यात उभं करायचं आणि आपण समोर बसायचं. एका रविवारचं काम, असं मी हिला म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही स्टुलावर चढणार असाल तर मी आधी शेजारी सांगून येते."

स्टूल मजबूत होतं. हात घसरला. कॅमेऱ्याची पेटी कोपऱ्यावर आपटली आणि आतून बर्फ चावल्यासारखा आवाज आला. बाबा खोलीतून ओरडले, "फ्यूज गेला का हो?" पेटी उघडली तर दुधी काचेचे तुकडे झाले होते. कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग जोडणारी ती घड्याघड्यांची काळी चामड्याची पिशवी, उंदरांनी फार पूर्वीच संपवली होती. लेन्स मात्र शाबूत होती. तिच्यात पांढरट जाळं धरलं होतं, पण शाबूत होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती फार काळ शाबूत राहणार नाही.

पूलवाले काका आवाज ऐकून खाली आलेच. त्यांनी कॅमेऱ्याला प्रदक्षिणा घातली, लाकडावर टकटक केलं, आणि "भार कुठे येतो ते बघायला पाहिजे" असं म्हणाले. कॅमेऱ्यावर कसलाही भार येत नाही, हे मी सांगितलं. ते म्हणाले, "पूल पडतात ते असंच म्हणणाऱ्यांचे." मग त्यांनी मोजमापं घेतली आणि भात्याचा नकाशा काढून दिला. इतका देखणा नकाशा मी जन्मात पाहिला नव्हता. तीन बाजूंनी काढलेला, बाण दाखवलेला, खाली सही केलेला.

तो घेऊन मी आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत बाइंडरकडे गेलो. घड्या घालणं आणि पुठ्ठा चिकटवणं हे त्याचं रोजचं काम. कॅमेऱ्यांच्या नव्या दुकानांत "भाता" म्हटल्यावर मला लोहाराचा पत्ता दिला होता, म्हणून मला बाइंडर देवासारखा वाटला. त्याने नकाशा पाहिला, "होऊन जाईल" म्हणाला, आणि पुढचे कित्येक आठवडे मी गेलो की "होऊन जाईल" म्हणत राहिला. माझ्या अनुभवाने सांगतो, होऊन जाईल म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. तो कशालाच नाही म्हणत नाही, त्यामुळे पकडायचं कुठे?

शेवटी भाता झाला. सुंदर झाला. फक्त तो पुढे रुंद आणि मागे अरुंद झाला. भाता लेन्सकडे निमुळता असतो, काचेकडे रुंद. मी नकाशा घेऊन काकांकडे धावलो. काका शांतपणे म्हणाले, "काचेवर सगळं उलटं दिसतं असं तुम्हीच सांगितलंत ना? मग मी नकाशाही उलटा काढला. तिथे गेल्यावर सुलटा होईल."  सरकारी पुलांवरून मी तेव्हापासून जरा घाईने जातो.

बाइंडरने दुसरा भाता केला. कायद्याच्या पुस्तकांच्या बांधणीतून उरलेलं काळं कापड त्याने वापरलं होतं आणि एका घडीच्या आत सोनेरी अक्षरांत "खंड सातवा" असं छापलेलं राहिलं होतं. मी ते चालवून घेतलं. भात्यात भोक नाही ना हे बघायला दिवा आत घालून काळ्या खोलीत बघायचं असतं. आमच्याकडे काळी खोली म्हणजे न्हाणीघर. मी आत दार लावून, दिवा भात्यात घालून, टाचणीएवढ्या उजेडाचे ठिपके शोधत बसलो होतो तेव्हा बाबांनी बाहेरून दार वाजवलं. "मीटर आत नाहीये हो!" ते काकुळतीने म्हणाले. "तिथे पाण्याचा नळ आहे फक्त!"

आता काच. काचवाल्याने "दुधी काच ना? बाथरूमची" असं म्हणून एक तुकडा कापून दिला. मी तो बसवला, हिला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, काळं फडकं म्हणून घरातला जाड पडदा डोक्यावर घेतला आणि बघितलं. ही उलटी दिसत होती. त्याबद्दल आनंद. पण तिच्या सगळ्या तोंडावर पानं उगवली होती. बाथरूमच्या काचेला वेलबुट्टी असते हे काचवाला सांगायला विसरला. मग तिच्या जागी येऊन बसलेल्या पूलवाल्या काकांना तिनेही आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "काका फार बरे दिसतात झुडपात."

मग साधी काच घासून दुधी करायची, असं ठरलं. गॅरेजमधून खरखरीत पेस्ट आणायची, दोन काचांच्या मध्ये ती घालायची, आणि गोल गोल घासत बसायचं. कृती सोपी आहे. आवाज असा येतो की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवतात. जेवणाच्या टेबलावर मी घासायला बसलो की बाबा कानावर उशी धरत, ही बाजाराला निघून जाई. तळमजल्यावरच्या बाई वर येऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे दाताचा डॉक्टर राहायला आलाय का? नाही, माझी एक दाढ दाखवायची होती." टोमणा होता. मी तो कळला नाही असं दाखवलं आणि घासत राहिलो. हातांना फोड आले, पण काच झाली. तिच्यावरून बोट फिरवलं की मला उगाचच छाती फुगल्यासारखं वाटायचं.

तरीही चित्र धुरकट दिसत होतं. आता दोष लेन्समधल्या जाळ्याचा. इथे मी थांबायला हवं होतं. कुणालाही न विचारता थांबायला हवं होतं. पण जिन्यात काका भेटले आणि म्हणाले, "टूथपेस्ट. मी चष्मा टूथपेस्टनेच साफ करतो." त्यांचा चष्मा मी त्या वेळी नीट पाहिला असता तर पुढचा अनर्थ टळला असता. मी लेन्स उघडली, पेस्ट लावली, आणि एवढ्या दिवसांच्या सरावाने माझा हात आपोआप गोल गोल फिरायला लागला. जाळं गेलं. त्याबरोबर लेन्सही गेली. मी एक दुधी काच बनवली होती, आता दोन झाल्या.

त्या दिवशी मी जेवलो नाही. ही म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात." पण तिला कळत होतं एवढं काय ते. बाबांचं आता खोलीतून बाहेर येणं कमी झालं होतं. घास तोंडात ठेवून तो गिळायचा असतो हे ते विसरायला लागले होते. माझ्याकडे वेळ किती आहे हे डॉक्टरही सांगत नव्हते, आणि मला तर काय, बाइंडरकडून आलोय आणि काचवाल्याकडे चाललोय, एवढंच सुचत होतं. मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, माझं नाव ऐकायचं होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने असं काही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मी ते कुणाला बोललो नव्हतो.

लेन्स परदेशातल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मिळाली. मागवताना ही म्हणाली, "एवीतेवी मागवताच आहात तर त्यांच्याकडून फिल्मही मागवा की."

"फिल्म कशाला?" मी म्हणालो. "बाबांनी काचेवर बघायचंय. बघायला फिल्म लागत नाही."

"अहो, पण कॅमेरा दुरुस्त करतोय आणि फोटो नाही काढायचा?"

"गरज नसताना खर्च करायचा हे कशावरून?" मी म्हणालो. 

लेन्स आली आणि कस्टममध्ये अडकली. तिथला अधिकारी सुकलेल्या चेहऱ्याचा होता आणि त्याच्या टेबलावर माझं पार्सल पेपरवेट म्हणून ठेवलं होतं.

"वस्तू जुनी की नवी?" त्याने विचारलं.

"जुनी."

"किती जुनी?"

"माझ्या वडिलांच्या वयाची असेल," मी कौतुकाने म्हणालो.

"म्हणजे पुरातन वस्तू. त्या खात्याची परवानगी आणा."

"छे छे, तेवढी जुनी नाही. वापरलेली म्हणा."

"म्हणजे भंगार. भंगार आणायला बंदी आहे."

"भंगार नाही हो! चालू आहे."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून पाहिलं. "चालू आहे हे कशावरून?"

माझ्याच शब्दाने कुणी माझ्या थोबाडीत मारावी अशी ही दुसरी वेळ. पुरावा म्हणून त्या लेन्सने काढलेला फोटो जोडा, असं तो म्हणाला. लेन्स तुमच्या टेबलावर आहे, मी फोटो कशाने काढू, असं मी म्हणालो. तो तुमचा प्रश्न आहे, असं तो म्हणाला. कामात हुशार होता. आमच्या खात्यात असता तर माझा साहेब झाला असता.

मी खेपा घालत राहिलो. त्या काळात पूलवाल्या काकांना एक विचार सुचला. "वडिलांना तुम्ही उलटे दिसायला हवेत, एवढंच ना?" ते म्हणाले. "मग तुम्हीच उलटे व्हा की! कॅमेरा पाहिजे कशाला?" माझं डोकं त्या दिवसांत ठिकाणावर नव्हतं हे मान्य करतो, कारण मला त्यात चूक सापडली नाही. मी बाबांच्या खोलीत भिंतीपाशी उशी ठेवली, काकांनी पाय धरले, आणि मी शाळा सोडल्यानंतर प्रथमच खाली डोकं वर पाय झालो. शर्ट तोंडावर आला. तो बाजूला करून मी बाबांकडे बघून हसलो. उलटा हसलो. बाबा बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आलं, आलं, आता ओठावर येतंय.

"सूनबाई!" बाबा किंचाळले. "मीटरवाल्याला शॉक बसला! आधी मेन स्विच बंद कर!"

काका दचकले आणि त्यांनी पाय सोडले. डॉक्टरांनी मला मानेचा पट्टा दिला, तो गळ्यातच राहिला. ऑफिसमध्ये मी विम्याचा दावा केला. अपघात कसा झाला, या रकान्यात खरं ते लिहिलं. दावा फेटाळला गेला.

पट्टा लावूनच मी पुन्हा कस्टममध्ये गेलो. अधिकाऱ्याने विचारलं, हे काय झालं? मी सांगितलं. मग ते का झालं, हेही सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मीटरवाल्यापासून सगळं बाहेर पडलं. मानेच्या पट्ट्यामुळे मला खालीही बघता येईना.  मग त्याने फाइल ओढली. "माझी आई मला भाडेकरू समजायची," तो म्हणाला. "खोली रिकामी करा म्हणायची." त्याने रकान्यात "पितळी शोभेची वस्तू" असं लिहिलं, शिक्का मारला, पार्सल माझ्या हातात दिलं आणि दुसरा पेपरवेट शोधायला लागला.

मी घरी जवळजवळ धावत आलो. ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. तिच्या हातात बाबांचं औषध तसंच होतं. "आज मला म्हणाले, बाई, तुमचं काय काम आहे?" ती म्हणाली आणि रडायला लागली. इतके दिवस माझ्यावर हसणारी बायको अशी रडली की मला तिचं हसणं हवंसं झालं. आता आम्ही दोघंही बाबांच्या घरात परके.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हाची तिरीप आत येते त्या वेळी, मी खिडकीपाशी खुर्ची मांडली. कॅमेरा उभा केला, भाता ताणला, लेन्स लावली. ही बाबांना हाताला धरून घेऊन आली. पायातल्या सपाता ओढत ते आले आणि कॅमेरा दिसल्याबरोबर त्यांनी तिचा हात सोडला.

त्यांनी आधी काचेवरून नख फिरवलं. "खरखरीत बाजू आत. ठीक," ते म्हणाले. "कुणी बसवली?"

"मी," मी म्हणालो.

"मीटरवाल्यांना येतं हे?" असं म्हणून त्यांनी काळ्या पडद्यात डोकं घातलं.

मी खुर्चीत बसलो. पाठ ताठ, हात मांडीवर. लहानपणी बसायचो तसा.  भाता जरा मागे गेला, जरा पुढे आला.  बाबा, आता बघा. आता मी उलटा आहे. आता म्हणा.

"हनुवटी खाली," पडद्यातून आवाज आला.

पट्ट्यामुळे हनुवटी खाली जाईना. बाबा पडद्याबाहेर आले. माझ्यापाशी आले. त्यांच्या चेहऱ्यावर गिऱ्हाइकासाठीचं हसू होतं. "हे गळ्यातलं काढू या, फोटोत बरं दिसत नाही," असं म्हणून त्यांनी पट्टा सोडला, माझी कॉलर सारखी केली आणि दोन बोटांनी माझी हनुवटी हळूच खाली केली. इतक्या हळू की मला दुखलंही नाही. "कशासाठी हवाय फोटो? नोकरीसाठी?"

मी नाही ओळखला गेलो. काचेवरही नाही. मीटरवाल्यावरून गिऱ्हाईक झालो होतो, एवढीच बढती.

"वडिलांसाठी," मी म्हणालो.

"वा. लांब असतात?"

"नाही. घरातच असतात."

"मग त्यांना का नाही आणलंत बरोबर? दोघांचा एकत्र काढला असता." ते जरा थांबले. "असे फोटो राहून जातात हो. मलाही मुलगा आहे. त्याचे एवढे काढले, पण त्याच्या शेजारी मी एकाही फोटोत नाही. मी शेजारी बसलो तर कॅमेऱ्यामागे कोण उभं राहणार?"

"मी राहते उभी," ही म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असं करू," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या जागी तात्पुरता मी बसतो. नंतर त्यांचा एखादा फोटो आणून द्या, चेहरा तेवढा कापून जोडून देईन. आम्ही करतो तसं. कळतसुद्धा नाही."

त्यांनी फिल्म ठेवायची लाकडी चौकट सवयीने मागे सरकवली. लेन्सची टोपी कधी काढायची, कधी लावायची, ते हिला समजावलं. मग माझ्या शेजारी येऊन बसले आणि हात माझ्या खांद्यावर ठेवला. "वडील असा हात ठेवतात," ते मला म्हणाले. "हलू नका. काढा टोपी, बाई."

हिने टोपी काढली. बाबा श्वास रोखून बसले होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, हलका, हाडांचा. मी डोळे उघडे ठेवले, कारण डोळे मिटले तर फोटो बिघडतो. "लावा," बाबा म्हणाले. हिने टोपी लावली, आणि मग माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. चौकट रिकामी होती. बघायला फिल्म लागत नाही ना.

खोलीत आम्हा दोघांचे मोबाइल टेबलावर पडले होते. चांगल्यातले चांगले फोटो निघतात त्यांच्यातून. कुणालाच आठवण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या खोलीची खिडकी उघडायला गेलो तेव्हा ते पांघरुणातून माझ्याकडे बघत होते. जिन्याखाली, असं काही म्हणाले नाहीत. "कॉपी न्यायला आलात? तुमचा छान आलाय," ते म्हणाले. "वडिलांचा फोटो आणलात का? चेहरा जोडायचाय."

आणणार कुठून? आदल्या दिवशी संध्याकाळी मी आणि हिने घरातले सगळे खोके पालथे घातले होते. लग्नं, बारशी, शाळांचे वर्ग, अनोळखी लोकांची अख्खी घराणी सापडली. मी तर रांगत्या वयापासून मिशा फुटेपर्यंत सापडलो. बाबांचा एकही नव्हता.

"त्यांचा फोटोच नाही," मी म्हणालो. "एकही नाही."

बाबा उठून बसले. "वडिलांचा एकही फोटो नाही?" ते रागाने म्हणाले. "कसला मुलगा हो तुम्ही!"

माझ्या खात्याच्या भाषेत सांगायचं तर दावा अंशतः मंजूर झाला. कुणाचा मुलगा ते राहिलं, पण मुलगा म्हणाले. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण मला गजाशी काहीतरी काम होतं.

"मग त्यांनाच घेऊन या," बाबा मागून म्हणाले. राग निवला होता. "पुन्हा काढू. पण लवकर आणा. म्हाताऱ्या माणसाचं काही खरं नसतं."

फिल्म मी त्याच दिवशी मागवली. ती आली आहे. कस्टममध्ये त्याच टेबलावर आहे. अधिकारी भला माणूस आहे, पण तो म्हणतो की लेन्स दिसत होती म्हणून शोभेची म्हणता आली, हा डबा चारी बाजूंनी बंद आहे, आणि आत काय आहे ते उघडून बघितल्याशिवाय सोडता येत नाही. मी म्हणतो, साहेब, उजेडात उघडलात तर आत काहीच राहणार नाही. मग तो विचार करतो आणि मला उद्या यायला सांगतो. मी रोज जातो. रोज निघण्याआधी बाबांच्या खोलीत डोकावतो. आता त्यांना उठून बसवावं लागतं, आणि पुष्कळदा ते डोळेही उघडत नाहीत. पण उघडले की आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या मागे दारात कुणी आहे का ते बघतात.

"आले का वडील?"

"येतायत," मी म्हणतो.